दाराआडचा पेला

॥ श्री ॥

तंजावूर,
१८ जून १९९५

ती. गं. भा. शेषम्मा आत्यास,
अखिलाचा सा. न. वि. वि.

कोइमतूरची बस पहाटे पोचली. तुझ्या लोणच्याची बरणी शाबूत आहे. चंद्रमती अक्कांनी बांधून दिलेला दहीभात मात्र मी करूर यायच्या आत संपवला. तुझ्या जावेचा हात अजून तसाच आहे, हे त्यांना माझ्या वतीनं सांग.

अप्पा अजून घुश्शात आहेत. तिरुवैयारूच्या शाळेतली वीणा शिकवायची नोकरी सोडून मुलगी लोकांच्या कोऱ्या कॅसेटी भरत बसते, हे त्यांना चारचौघांत सांगता येत नाही. मद्रासच्या कंपनीतले गृहस्थ काय म्हणाले ते तुला सांगितलंच आहे. तमिळ म्हणावं तर तमिळ नाही, मराठी म्हणावं तर पुण्यामुंबईची नाही, ही तंजावरी मराठीतली घरगुती गाणी घेणार कोण, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं होतं. घेणारे निघाले ते असे. सेलम, बंगळूर, मदुराई, जिथं जिथं आपली माणसं पांगली तिथून कोरी कॅसेट येते, परतीच्या टपालाची तिकिटं येतात आणि ज्याला जे जमेल ते येतं. कुणाची मनिऑर्डर, कुणाचे अप्पळम पापड. एका बाईंनी तर श्रुतिपेटीच पाठवली. मी प्रत्येकाचं नाव, गल्ली, गाव घेऊन, खुशाली विचारून, सगळी गाणी त्यांच्यासाठी नव्यानं गाते. एका कॅसेटीत राजवाड्यावरचे पारवे घुमतात, दुसरीत खालच्या गल्लीतली मोपेड सुरू होत नाही. लोकांना तेच आवडतं.

पण घसा बसला आहे. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं. वाट पाहणारे तर खूप झाले. कार्तिकेय ज्या कॅसेटच्या दुकानात काम करतो तिथं दोन खणांचं यंत्र आहे. त्याचं म्हणणं, बहिणीनं एकदाच गावं, प्रती तो काढील. मला ते पटत नाही, पण मौन धरायच्या आधी नावगाव न घेता एक सर्वांसाठीची कॅसेट भरून ठेवली आहे.

तुझी कॅसेट मात्र वेगळी भरली, त्याच दिवशी. तुझ्या गुडघ्यापासून सुरुवात केली आहे. शेवटी तुझं ते गाणं गायलं आहे, चाल बरोबर बसली का हे तूच सांगावंस म्हणून. थोरल्या जावेच्या घरात राहून, तिच्याच स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत, ती देवळात गेल्याची खात्री करून तिच्यावरचं गाणं शिकवणारी आत्या मला दुसरी मिळायची नाही. ते गाणं तुझ्या कॅसेटीबाहेर जाणार नाही. शब्द दिला तो दिला.

आता महिनाभर मी गप्प. एवढ्या काळात माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अखिला

॥ श्री ॥

कोइमतूर,
६ जुलै १९९५

चि. अखिला हिस,
शेषम्माचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली गोष्ट, गं. भा. लिहीत जाऊ नकोस. ते मला ठाऊक आहे, पोस्टमनला ठाऊक असायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, तुझी कॅसेट आली. ऐकली आणि वाईट वाटलं, म्हणून सरळ लिहिते. माझं नाव नाही. गल्ली नाही. गुडघ्याची तर बातच नाही. गाणी गोड आहेत, त्यात खोट काढत नाही, पण रेशनच्या रांगेत उभं राहून साखर घेतल्यासारखं वाटलं. सर्वांना नमस्कार म्हणून तू सुरुवात केलीस. मी सर्वांमध्ये कधीपासून मोडायला लागले?

आणि माझं गाणं त्यात नाहीच. तुला ते गाण्याजोगं वाटलं नसेल. असू दे. खरं तर बरंच झालं म्हणायचं. लग्न होऊन तंजावूरच्या त्या घरात गेले तेव्हा मी अठराची होते. कॉफीच्या पुडीवर ओतलेलं पहिलं दाट पाणी मामंजींना आणि पुरुषांना. तीच पूड पुन्हा भिजवून उतरलेलं पातळ पाणी माझ्या पेल्यात. आणि रोज सकाळी त्या दाट पाण्याचा एक पेला घेऊन अक्का दाराआड जायच्या. मी पाहत होते. त्या रागात जुळवलेल्या चार ओळी त्या. आज ते घर नाही, दोघींचे नवरे नाहीत, मला मूलबाळ नाही, आणि मी त्यांच्या मुलाच्या, हरिप्रसादच्या घरात जेवते. मला कोणी एका शब्दानं तोडून बोलत नाही. अक्का माझ्या गुडघ्याला स्वतः तेल लावतात. त्यांच्या कानावर ते गाणं गेलं तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्या पानावर बसू?

टेलिफोन करू नकोस. तो हॉलमध्ये अक्कांच्या खुर्चीला लागून आहे. तुझ्या आजोबांनी तुला आणि मला बालबोध लिपी शिकवली हे एक बरं केलं, इथं ही पत्रं कोणाला वाचता येत नाहीत.

घशाला जप. रुसले आहे, पण आशीर्वाद रुसलेले नाहीत.

तुझी आत्या

॥ श्री ॥

तंजावूर,
१२ जुलै १९९५

ती. आत्यास,
अखिलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि काय घडलं ते लगेच कळलं.

दोन्ही कॅसेटी एकाच जातीच्या, एकाच फळीवर होत्या. नावं लिहिलेली नव्हती, कारण माझ्या डोक्यात त्या पक्क्या होत्या. कार्तिकेय आला तेव्हा माझं मौन सुरू झालं होतं. कोणती न्यायची म्हणून त्यानं विचारलं आणि मी बोटानं खालची दाखवली. त्यानं वरची उचलली. मी त्या वेळी दूध उतू जातंय म्हणून वळले होते. उरलेली मी तुझ्या नावानं पोस्टात टाकली. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यानं यंत्राचा आवाज बंद ठेवून प्रती काढल्या, आणि वीज गेली म्हणून मी त्या ऐकल्याही नाहीत. तशाच पाकिटांत घालून धाडल्या.

म्हणजे आत्या, तुझ्यासाठी गायलेली कॅसेट वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या घरी गेली आहे. तुझं नाव, तुझी गल्ली, तुझा गुडघा आणि शेवटी तुझं गाणं. गाण्याच्या आधी मी हसून म्हटलं आहे की हे आमच्या आत्यानं तिच्या थोरल्या जावेवर रचलं आहे.

काल सेलमहून एक पत्र आलं, त्यात आत्यांचा गुडघा कसा आहे असं विचारलं होतं. मला वाटलं, त्या बाईंना तू ओळखतेस. मी इतकी मूर्ख.

मी आजच सगळ्यांना पत्रं लिहायला बसते, की हे गाणं कोणाला ऐकवू नका. मौन मोडायचं ते मोडेन. वाटलं तर कोइमतूरला येऊन अक्कांचे पाय धरीन. तू म्हणशील तर हा सगळा व्यापच बंद करते. शाळेत अजून माझ्या जागी कोणाला घेतलेलं नाही. एका घराला दिलेला शब्द मला पाळता आला नाही, तर इतक्या घरांचं गाणं मी कशाच्या जोरावर गाऊ?

रागाव, पण पत्र पाठव.

तुझी अखिला

॥ श्री ॥

कोइमतूर,
२० जुलै १९९५

चि. अखिला,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच कार्डं आली. बंगळूरचं एक, मदुराईचं एक, आणखी कुठकुठची. सगळी मराठीत, पण तमिळ अक्षरांत. तुझ्या चाहत्यांना बालबोध येत नाही हे मी विसरलेच होते. तमिळ अक्षरं म्हणजे ती कोणीही वाचणार. आपली संगीता, हरिप्रसादची बायको, दुपारच्या कॉफीला हॉलमध्ये बसून मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्या कार्डात गुडघ्याला एरंडाचं पान बांधा असं होतं. सगळे हसले. दुसऱ्यात होतं की तुमचं पहिल्या पाण्याचं गाणं आम्ही घरात रोज म्हणतो, आणि ती थोरली जाऊ आता कशी आहे? संगीता तिथंच थांबली. पोर चांगली आहे, पण उशिरा थांबली.

अक्का उठल्या. कपबशा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर पेला ठेवला. पहिलं पाणी. काळं, दाट, वर मामंजींच्या पेल्यावर असायचा तसाच फेस. आपल्या पेल्यात दुसरं ओतून त्या माझ्यासमोर बसून प्यायल्या. तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. अखिला, मला शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, तुला माझी जीभ ठाऊक आहे. पण त्या तेल लावतात, भाजी वाढतात आणि दाट कॉफी पुढे करतात. ती माझ्या घशाखाली उतरत नाही. मी म्हटलं, अक्का, ते पोरवयातलं होतं. त्यांनी साखर हवी का एवढंच विचारलं.

तू येऊ नकोस. तू पाय धरलेस की त्या तुला उठवून जेवायला वाढतील आणि मी आणखी मेल्यासारखी होईन. व्याप बंद करायचं लिहितेस तो शहाणपणा तुझ्याजवळ ठेव. चूक फळीवरची आहे, गळ्याची नाही.

एक विचारते, आणि हे रागानं विचारत नाही. तुझ्या माडीवरच्या खोलीत आणखी एक अंथरूण मावेल का? या घरात आता मला घास गिळवत नाही. मला फार लागत नाही. जिने तेवढे किती आहेत ते कळव.

माया आहे, ती काही पोस्टानं चुकीच्या घरी गेलेली नाही.

आत्या

॥ श्री ॥

तंजावूर,
२९ जुलै १९९५

ती. आत्यास,
अखिलाचा सा. न. वि. वि.

खोलीत अंथरूण घातलं आहे. जिना एकच आहे, पण उभा आहे. खालच्या नागलक्ष्मी मामी म्हणतात, त्यांच्या ओसरीवर झोप, तिथून पारवे दिसतात. अप्पांना सांगितलं नाही, ते गाडी घेऊन थेट कोइमतूरला येतील.

माझ्याकडची बातमी अशी. मी सगळ्यांना खरं ते कळवलं, की ही कॅसेट तुमच्यासाठी गायलेली नव्हती, तुमची परत पाठवा, मी तुमच्या नावानं नव्यानं भरीन, पण वेळ लागेल, वर्षसुद्धा लागेल. मला वाटलं होतं की निम्मे लोक रागावून सोडून देतील. उत्तरं येताहेत. वाट पाहतो, असंच बहुतेकांनी लिहिलं आहे. बंगळूरच्या वेंकटराव मास्तरांनी घसा बरा होईपर्यंत दर महिन्याला मध पाठवायचं ठरवलं आहे. पुन्हा यंत्रावर प्रती काढायच्या नाहीत हे मी आणि कार्तिकेयनं ठरवून टाकलं. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त शरमला आहे. पण कॅसेट परत करायला मात्र कोणी तयार नाही. एकीनं लिहिलं आहे की तिच्या आजीनं ते गाणं ऐकलं, आपल्या घरीही असंच होतं म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

आता मुख्य गोष्ट. परवा कोइमतूरहून एक पाकीट आलं. मला वाटलं तुझंच. आत एक कोरी कॅसेट, परतीची तिकिटं, कॉफीच्या पुडीचं पुडकं, आणि कागदावर तमिळ अक्षरांत नाव: चंद्रमती. खाली तुमची गल्ली आणि गाव, जसं सगळे लिहितात तसं. बाकी एक शब्द नाही.

आत्या, रात्रभर झोप लागली नाही. ते गाणं गाळून बाकीची भरावी असं वाटलं. पण जो कोरी कॅसेट पाठवील त्याला सगळं गायचं, हा माझा एकच नियम आहे, आणि त्यावरच माझं पोट आणि पत दोन्ही आहे. बाकी सगळ्या घरांनी जे ऐकलं ते फक्त अक्कांपासून लपवायचं, हे मला जमेना. म्हणून डॉक्टरांना न विचारता आज सकाळी बसले. त्यांचं नाव घेतलं, गल्ली घेतली, दहीभाताची आठवण काढली, आणि तुझं गाणं एकही शब्द न बदलता गायलं. आवाज घोगरा आहे. तुझ्या या पत्राबरोबरच ती पोस्टात टाकते आहे. तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

अंथरूण तुझंच आहे. कधीही ये.

अखिला

॥ श्री ॥

कोइमतूर,
११ ऑगस्ट १९९५

चि. अखिला हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तुला जे जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. शेवटी देवापुढे दिवा लावला आणि कॅसेटची वाट पाहत बसले.

ती आली तेव्हा अक्कांनी टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात आणायला लावला. मला समोर पाटावर बसवलं. आपलं नाव ऐकून त्यांनी पदर सारखा केला, कोणी पाहुणा आल्यासारखा. सगळी गाणी ऐकली. एका गाण्यामागे तुझ्या गल्लीतली मोपेड खोकत राहते, तिथं हसल्या. मग ते आलं:

पहिलं पाणी दाट दाट, दाराआड जातं
दुसरं पाणी पातळ पातळ, धाकटीला येतं
थोरल्या बोटांना वास कशाचा, विचारील कोण?
धाकटीनं पाहिलं, पण धाकटी ठेवी मौन

मी डोळे मिटून घेतले. अक्कांनी बटण दाबून कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. मग म्हणाल्या, चाल छान आहे, पण गाण्यात एक चूक आहे.

मामंजींनी आमच्या सासूबाईंची कॉफी बंद केली होती, ते मला ठाऊकच नव्हतं. वैद्यानं सांगितलं म्हणे, त्यांच्या छातीत धडधडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या मधल्या अंधाऱ्या खोलीत पडूनच असायच्या, आणि माझ्या डोक्यात एवढंच की सोवळ्यात असतात, तिकडे जायचं नाही. जन्मभर कॉफीवर जगलेली बाई. सकाळी वास आला की उशीवर मान वळवून दाराकडे बघत राहायची. अक्का रोज तिच्यासाठी पेला न्यायच्या. मामंजींना कळलं असतं तर अक्कांना माहेरी धाडलं असतं, म्हणून मलाही सांगितलं नाही. नवी सून, तोंडाची फटकळ, हिच्या पोटात काय राहणार, असं वाटलं म्हणाल्या. त्यात त्यांचं चुकलं नाही.

मग मी विचारलं, म्हणजे तुम्ही माझ्यासारखं दुसरं पाणी प्यायचा? तर म्हणाल्या, नाही. सासूबाईंचा पेला काढल्यावर पुरुषांना कमी पडायचं, ते दुसऱ्यातून भरायच्या. उरलेलं दुसरं मला. त्यांना तीच पूड तिसऱ्यांदा भिजवून. रंगाचं पाणी.

आणि मग हे रोजचं दाट पाणी मला का देत होतात, म्हणून मी रडत विचारलं. त्यांनी सांगितलं, कार्ड वाचल्यावर एवढंच कळलं की शेषम्माला पहिलं पाणी हवं होतं आणि इतकी वर्षं ते राहून गेलं. मी त्याला शिक्षा समजत होते, अखिला. ती बाई मला कॉफी देत होती.

आता काम. अक्कांनी दोन दिवस भाजी चिरता चिरता उत्तर जुळवलं आहे. अक्षरं माझी, शब्द त्यांचे:

दाराआड पेला गेला, ओठ माझे कोरडे
सासूबाई वाट पाहती, डोळे दाराकडे
मामंजींचा हुकूम मोठा, त्याहून तहान मोठी
दुसरं पाणी तुला, धाकटे, तिसरं माझ्या ओठी

हे माझ्या ओळींच्या मागोमाग गायचं, मध्ये थांबायचं नाही, अशी अक्कांची अट आहे. ज्या ज्या घरी माझं गेलं त्या प्रत्येक घरी हे गेलं पाहिजे, आणि तू म्हणतेस तसं एकेकाचं नाव घेऊन, मग दोन वर्षं लागोत. रचणारीचं नाव दोघींचं सांग. घसा बरा होईपर्यंत मात्र सुरुवात करू नकोस. मधाबरोबर मिरी घे.

अंथरूण आवरू नकोस. पोंगलला आम्ही दोघी येतो, तेव्हा एकाची दोन घाल. इथं आता दोन्ही पाणी एकाच भांड्यात मिसळतो आणि मग वाटून घेतो. खरं सांगायचं तर चव काही खास लागत नाही, पण बदलायला आम्ही दोघीही तयार नाही.

अक्कांना एकच काळजी होती, की मामंजींचं नाव असं गावभर घ्यावं का. मग त्याच म्हणाल्या, पन्नास वर्षं ही गोष्ट दबक्या पावलांनी चालली, आता पोरीला सांग, मोकळ्या गळ्यानं गा. ऐकून रागावणारे मामंजी गेले. फक्त, ऐकून हसली असती ती सासूबाईही गेली.

अक्कांचे आणि माझे आशीर्वाद, एकाच पेल्यातले.

तुझी आत्या